बुधीचा डावा हात आणि माझा उजवा

संपादकांचं पत्र आलं, ‘तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत वाचकांना तेवढाच विरंगुळा.’ गमती होत्या, नाही म्हणत नाही. पण माझी नोकरी भीतीत गेली हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढे कुणाची फसवणूक व्हायला नको. जव्हार संस्थानात मी देवी काढणारा होतो, म्हणजे देवीच्या रोगावरची लस टोचणारा. लोक माझ्या सुईला भीत, मी लोकांना भीत असे, आणि आम्ही सगळे मिळून देवीला भीत असू.

तुमच्या दंडावर जे गोल व्रण आहेत ते माझ्यासारख्याच कुणीतरी केलेले आहेत. काम तसं सोपं. काचेच्या बारीक नळीत लस यायची. ती उन्हानं मरते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायची आणि दिवाळीनंतर निघून होळीच्या आत सगळे पाडे उरकायचे. मुलाच्या दंडावर नस्तरानं चार ओरखडे काढायचे, रक्त येऊ द्यायचं नाही, वर लस चोळायची आणि वाळेपर्यंत आईला हलू द्यायचं नाही. आठव्या दिवशी परत जाऊन दंडावर फोड येऊन देवी उठली का ते बघायचं. उठली नसेल तर सगळी मेहनत पाण्यात.

हे आठव्या दिवशी परत जाणं म्हणजे खरी कसोटी. पहिल्या खेपेला लोक गाफील सापडत, दुसऱ्या खेपेला पाडा रिकामा. एका पाड्यावर तर तीन बायकांनी मला एकच मूल दाखवलं. पहिलीनं दाखवलं, मग घराच्या मागच्या बाजूनं दुसरीकडे गेलं, मग तिसरीकडे. तिसऱ्या वेळी ते पोर मला बघून हसलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका म्हाताऱ्यानं स्वतःचा दंड पुढे न करता बैल पुढे केला. म्हणाला, “याला टोच. मी मेलो तं पोरं नांगरतील, हा मेला तं कोण नांगरल?”  ही माणसं मला ‘तू’ म्हणत. ती राजालाही ‘तू’च म्हणायची, त्यामुळे मी कधी वाईट वाटून घेतलं नाही.

आता हाताकडे येतो. टोचलेला दंड सुजतो, ताप येतो, आठ-दहा दिवस मूल तो हात उचलत नाही. म्हणून आमच्या मोठ्या डॉक्टरांची शिस्त होती की, मूल ज्या हातानं खातं तो दंड मोकळा ठेवायचा. बहुतेक सगळे उजव्या हाताचे, म्हणून टोचायचं डाव्यावर. पण तान्ह्या मुलाचं काय? त्याचा हात कोणता हे कसं कळावं? मी खिशात गुळाचे खडे ठेवू लागलो. मुलाच्या बरोबर समोर, नाकाच्या रेषेत खडा धरायचा आणि कोणता हात पुढे येतो ते बघायचं. असे किती हात पाहिले असतील त्याची गणती नाही. त्यावरून मला जे कळलं ते असं : रांगणारं पोर दोन्ही हातांनी झडप घालतं, आज हा तर उद्या तो. चालायला लागलं की एका हाताकडे झुकू लागतं, पण मध्येच महिनाभर उलटंही वागतं. तीन-चार वर्षांचं झालं की हात पक्का होतो. आणि एखादं मात्र झोळीत असल्यापासूनच आपला अंगठा निवडून बसलेलं असतं. कोण निवडतं, का निवडतं, मला ठाऊक नाही. त्याच आईची बाकीची मुलं उजवी असतात.

जव्हारला दवाखान्यामागच्या आंब्यावर वानरांची टोळी असायची. पावसाळ्यात मला काम नसे, तेव्हा मी त्यांनाही शेंगा टाकून पाहिल्या. एक म्हातारी वानरीण नेहमी डाव्या हातानं उचलायची. एक हुप्प्या उजव्यानं. पिल्लं कशीही. माणसांत जसा जवळजवळ सगळा गाव उजवीकडे झुकलेला असतो तसं तिथे काही दिसलं नाही, ज्याचा त्याचा हात. आणि त्या डावऱ्या वानरिणीला टोळीत कुणी काही बोलत नव्हतं. मोठे डॉक्टर एकदा खिडकीतून बघून म्हणाले, “अहो, यांनाही देवी काढताय की काय?”

माणसांत मात्र डावऱ्याचे हाल. घरात डाव्या हातानं वाढलं तर पान टाकून उठणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती जव्हारच्या शिकल्यासवरल्या घरांतली. पाड्यावर भीतीला थोडा आधारही होता. भात कापताना सगळे एका ओळीत बसतात, सगळ्यांचे विळे एकाच दिशेनं ओढले जातात. मध्येच एक डावरा असला की त्याचा विळा शेजाऱ्याच्या हातावर येतो. अशी कापलेली बोटं मी बांधली आहेत. पण त्यापुढची भीती वेगळी होती. उलट्या हाताचं माणूस उलटं करणारं, त्याची नजर उलटी, असा समज. पाड्यावर एकामागून एक दोन-तीन मरणं झाली की सगळे इकडेतिकडे बघू लागत, आणि ती नजर कुणावर तरी येऊन थांबे. ज्याच्यावर थांबे त्याला भुताळी, म्हणजे करणी करणारं माणूस, म्हणत. हा शब्द तिथे हळू आवाजातच बोलला जायचा.

लखमी नावाच्या एका बाईचा पाडा संस्थानच्या हद्दीतला शेवटचा. पुढे ओहोळ, त्यापलीकडे इंग्रजांची हद्द, पोशेऱ्याचे डोंगर आणि मोखाड्याचा बाजार. पाड्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या घरांत अजून तीच माणसं आहेत. लखमीच्या थोरल्या मुलीला, बुधीला, ती रांगत होती तेव्हा मी टोचलं होतं. तिच्या डाव्या दंडावर गळू झालं होतं, म्हणून नाइलाजानं उजव्यावर टोचावं लागलं. देवी चांगली उठली. दंड जरा जास्त सुजला, पण असं होतंच. मी वहीत नाव घातलं आणि विसरलो.

तीन हिवाळ्यांनंतरची गोष्ट. भाताची झोडणी आटपली होती. मी आणि माझा शिपाई सकाळी उन्हं वर आल्यावर पाड्याच्या खळ्याशी पोचलो. एवढी माणसं एकत्र बघून मला बरं वाटलं, म्हटलं आज गोळा करायचे कष्ट वाचले. मग दिसलं की कुणी बोलत नव्हतं. खळ्याच्या कडेला विस्तव पेटवला होता आणि त्यात एक विळा उलटा खुपसून ठेवला होता. त्याचं पातं लाल झालं होतं. विस्तवापलीकडे लखमी बसली होती आणि तिच्या मांडीत बुधी. 

डाग देणं मला नवीन नव्हतं. पोट फुगलं तर डाग, खोकला गेला नाही तर डाग. पण हा डाग दुखण्याचा नव्हता. पंधरा दिवसांत पाड्यावरची दोन तान्ही पोरं खोकून गेली होती. दोघांनाही बुधीनं उचलून घेतलं होतं, खाऊ भरवला होता, आणि तो डाव्या हातानं. हातावर डाग बसला की पोर तो हात वापरायचं सोडील, उजव्यावर येईल, आणि पाडा सुटेल, असं ठरलं होतं. डाग तळहातावर द्यायचा होता. चार वर्षांच्या मुलीच्या तळहातावर विळ्याचं लाल पातं टेकवलं तर तो हात जन्मभर उघडत नाही, हे मला ठाऊक होतं. हात गेला तर निदान हातावर निभावलं. पुन्हा एखादं पोर दगावलं असतं तर मग पुढे काय, हे कुणी बोललं नाही आणि मलाही विचारायचं धैर्य झालं नाही.

हे ठरवणारा पाड्याचा भगत म्हातारा होता. दुष्ट नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. गेलेल्या दोन पोरांतलं एक त्याचं नातवंड होतं, आणि रात्रंदिवस जागून त्याचे डोळे सुजले होते. मी त्याला बाजूला घेऊन समजावू लागलो. म्हटलं, “अरे, खोकल्यानं मेली ती पोरं. डावा हात असतो एखाद्याचा. माझ्या दवाखान्यामागे वानरं आहेत, त्यांच्यातही काही डावरी आहेत. ती काय मेली?”

“वानराला देवाला निवद दाखवायचा नसतो,” तो म्हणाला. “तू तुजा काम कर. हा आमचा काम हाय.”

 माझा शिपाई मागून माझा कोट ओढत होता, “चला, आपण जाऊ, यात पडू नका.” मलाही तेच वाटत होतं.  तेवढ्यात कुणीतरी पाटावर बसवायला बुधीला उचललं, आणि तिनं आधारासाठी जो हात पुढे केला तो डावाच होता.

“थांबा,” मी ओरडलो. “त्या पोरीचा दोष नाही. माझा आहे.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी तिचा उजवा दंड उघडा करून चार व्रण दाखवले. म्हटलं, “हे कुणी केलं? मी केलं. हा हात सुजला होता का नाही? सुई खोल गेली. माझा हात चुकला. त्या दिवसापासून या हातातला जोर गेला, म्हणून पोर डाव्यानं खाते. ही भुताळी नाही. हिचा हात मी बिघडवला.”

खोटं. शंभर टक्के खोटं. तो उजवा हात ठणठणीत होता. पण लंगड्याला कुणी भुताळी म्हणत नाही, एवढं मला त्या क्षणी सुचलं. भगतानं वाकून व्रणांवरून बोट फिरवलं. मग त्यानं लखमीला विचारलं, “हा सांगतो ता खरा?”

लखमीनं माझ्याकडे पाहिलं. मग भगताकडे बघून म्हणाली, “खरा हाय. त्याच्या आधी ती उजव्यानंच खायची.”

मला वाटलं, बिचारीचा माझ्या बोलण्यावर विश्वास बसला. आईचं मन, बुडत्याला काडीचा आधार. विळा विस्तवातून काढून मातीत खुपसला गेला. मला दंड झाला : एक कोंबडी, एक नारळ, आणि बुधीच्या पायाशी माझा उजवा हात जमिनीला लावून चूक कबूल करायची. मी लावला. भगतानं त्यावर राख टाकली आणि म्हणाला, “हा हात पुन्ना पाड्यावर नको.” त्या दिवशी मी कुणालाही न टोचता परतलो. वाटेत शिपाई म्हणाला, “साहेब, तुम्ही देवमाणूस.” मला ते खरं वाटलं, आणि चार दिवस मी त्याच तोऱ्यात होतो.

जव्हारला पोचल्यावर तोरा उतरला. मोठ्या डॉक्टरांना काय सांगायचं? माझ्या हातून मुलाचा हात निकामी झाला, असं मी भर पाड्यासमोर कबूल केलं होतं. खरं सांगितलं तर ते म्हणणार, दवाखान्याच्या नावाला काळिमा लावलात. दरबारात गेलं तर नोकरी जाणार. घरी बायको, दोन मुलं, म्हातारी आई. मी वहीत लिहिलं, ‘मुलं रानात गेल्यामुळे टोचणी झाली नाही’, आणि गप्प बसलो.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. जावं तर लागणारच, तो पाडा माझ्या वाटणीचा होता. मी राखेतला हात खिशात घालून पाड्यात शिरलो. एकही मूल दिसलं नाही. बायका दारात रिकाम्या मांडीनं बसल्या होत्या. घराघरांतून रडणं ऐकू येई आणि मध्येच कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखं बंद होई. लखमीला मूल झालं होतं, हे मला खुंटीवरच्या लहानशा टोपड्यावरून कळलं. बुधी अंगणात डाव्या हातानं कोंबड्यांना कण्या टाकत होती आणि कुणी तिला काही म्हणत नव्हतं. ते बघून मला समाधान वाटलं. पण भीतीही वाटली, कारण मी शेवटचं टोचल्यानंतर जन्मलेली पाच-सहा पोरं आता त्या पाड्यावर होती आणि त्यांच्या अंगात देवीला अडवणारं काही नव्हतं. मी वहीत पुन्हा तेच वाक्य लिहिलं.

उन्हाळ्यात मोखाड्याच्या बाजारातून देवी आली. रोगाला हद्द कळत नाही. आधी एक बाजारकरी तापला, मग त्याचं घर, मग शेजार. बातमी जव्हारला पोचेपर्यंत पाड्याच्या प्रत्येक दाराला देवीची खूण म्हणून कडुनिंबाचे डहाळे लागले होते. मोठे डॉक्टर स्वतः गेले, आजूबाजूचे पाडे टोचून घेतले, पण ज्यांना आधीच लागण झाली होती त्यांना सुईचा उपयोग नव्हता. मला त्यांनी दुसरीकडे पाठवलं होतं. सगळं निवल्यावर मी एकटा गेलो. शिपायालाही घेतलं नाही. कुणी दगड मारले तर खायचे, असं ठरवून गेलो होतो.

कुणी मारले नाहीत. कुणाच्या अंगात तेवढं त्राणच नव्हतं. पाच पोरं गेली होती. मी टोचलेलं एकही गेलं नव्हतं. हे सांगताना अजून अभिमान वाटतो आणि लगेच स्वतःची शिसारी येते. लखमी दारात नाचणी पाखडत होती. खुंटीवर टोपडं नव्हतं. मी उंबऱ्याबाहेर बसलो. बुधीनं मला पाणी आणून दिलं, डाव्या हातानं, आणि मी ते प्यालो.

मला राहवेना. म्हटलं, “लखमी, मी त्या दिवशी खोटं बोललो. माझी सुई चुकली नव्हती. बुधी जन्माचीच डावरी आहे. मी खरं बोललो असतो तर तुझं पोर मी टोचलं असतं. तुला फसवलं मी.”

तिनं सूप खाली ठेवलं. आवाज अगदी हळू, पोरीला ऐकू जाऊ नये असा. “तू काय फसवशील? मी आई हाय ना. तू टोचायच्या आधी, झोळीत होती तवापासून ती डावाच अंगठा चोखायची. माला ठाव होता.”

“मग तू हो का म्हणालीस?”

“तिचा हात वाचत होता म्हणून.”

मी म्हटलं, “मग निदान पोराला चोरून तरी आणायचं माझ्याकडे. ओहोळावर आणलं असतंस तरी टोचलं असतं.”

“कसा आणू?” ती म्हणाली. “दंडावर खूण ऱ्हाती. लोकांनी बघितली असती. म्हणली असती, हिचा त्या सुईवाल्यावर भरवसा हाय, म्हंजे त्याचा हात चुकला नव्हता. सुई वाईट नाय, तं मंग पोर वाईट. बुधीला परत विस्तवाशी नेली असती.”

बुधी पलीकडे खेळत होती. लखमीनं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “आता तं कुणाला सांगूच नको. भावाला खाल्ला म्हणतील.”

मी सांगणार नाही म्हटलं. उठलो.  तेव्हा तिनं विचारलं. रागानं नाही, एखाद्यानं वाट चुकलेल्याला विचारावं तसं.

“तुजा हात वाईट म्हणून तूच बोललास. भगत पण तसाच बोलला, हा हात पुन्ना नको. मंग तू दुसऱ्या हाताचा माणूस का नाय धाडला? आमी समद्या वाट बघत होतो. दुसरा कोण आला असता तं मी पोराला घेऊन पयली गेली असती.”

जव्हारात माझ्याशिवाय आणखी एक जण देवी काढणारा होता. माझ्या शेजारच्याच खोलीत राहायचा. पाडे अदलाबदल करू म्हणून त्याला एक शब्द टाकला असता तर तो हसत गेला असता. पण तो विचारणार, का? आणि ‘का’ला उत्तर द्यायची मला भीती वाटली होती. सगळी हकीकत एवढीच आहे.

त्या हिवाळ्यात मी मोठ्या डॉक्टरांपुढे उभा राहून सगळं सांगितलं. नोकरी गेली नाही. त्यांनी तो पाडा माझ्या शेजारच्या खोलीतल्या त्या दुसऱ्या देवी काढणाऱ्याकडे दिला. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला. मडकं खाली ठेवत मोठ्या खुशीत म्हणाला, “अहो, तुम्ही उगाच घाबरवलंत. किती भली माणसं आहेत! बायका पोरं घेऊन रांगेनं उभ्या होत्या, एकीनंही लपवलं नाही.”